एलिशा स्कॉट: एका गोलकीपरची एकवीस वर्षं समजून घेताना

लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या नोंदींत एलिशा स्कॉट या गोलकीपरच्या नावापुढे ४६८ मॅच लागल्या आहेत. पहिली तो १ जानेवारी १९१३ रोजी खेळला, शेवटची २१ फेब्रुवारी १९३४ रोजी. मध्ये एकवीस वर्षं आणि वर सात आठवडे. पहिल्या आणि शेवटच्या मॅचमध्ये एवढं अंतर असलेला खेळाडू लिव्हरपूलमध्ये त्याच्या आधी झाला नाही, नंतरही नाही.

पण आकड्यांकडे नीट बघितलं की एक गोष्ट खटकते. एकवीस वर्षांत ४६८ म्हणजे वर्षाला सरासरी बावीस. सीझनमध्ये चाळीसच्या आसपास लीग मॅच असायच्या. मग हा माणूस जवळपास अर्धा वेळ बाहेर होता का? देशाकडून तर तो ३१च मॅच खेळला, त्याही सोळा वर्षांत. आज कुणाचे असे आकडे दिसले तर आपण म्हणू, बरा असेल, बहुतेक राखीव असणार. आणि इकडे डिक्सी डीन, इंग्लंडच्या लीगमधला आजवरचा सगळ्यात धोकादायक फॉरवर्ड, शेवटपर्यंत सांगायचा की स्कॉटच्या तोडीचा गोली आपण पाहिला नाही.

या दोन गोष्टी एकाच माणसाबद्दल कशा खऱ्या असू शकतात, ते समजून घ्यायचं तर त्या काळातलं फुटबॉल कसं चालायचं ते आधी बघावं लागतं. मला स्वतःला हे कोडं उलगडायला बराच वेळ लागला. उलगडल्यावर मात्र स्कॉट माझ्या नजरेत आणखी मोठा झाला.

आधी हिशोब

स्कॉटचा जन्म १८९३ चा, बेलफास्टचा. थोरला भाऊ बिली हा एव्हर्टनचा, म्हणजे लिव्हरपूल शहरातल्याच दुसऱ्या क्लबचा, गोलकीपर. १९०६ मध्ये एफए कप (इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा) जिंकलेल्या संघात तो होता. धाकट्याला आपल्याच क्लबमध्ये घ्यावं असं त्याला वाटणं साहजिक होतं, पण एव्हर्टनला पोरगा फार कोवळा वाटला. एव्हर्टनचं मैदान आणि लिव्हरपूलचं मैदान यांच्यामध्ये फक्त स्टॅन्ली पार्क नावाची बाग आहे, पायी चालत जाण्याचं अंतर. सप्टेंबर १९१२ मध्ये एकोणीस वर्षांचा एलिशा बागेच्या पलीकडच्या क्लबमध्ये दाखल झाला.

तिथे जागा रिकामी नव्हती. केनेथ कॅम्पबेल हा स्कॉटिश गोलकीपर गोलमध्ये पक्का बसलेला होता. न्यूकॅसलमध्ये स्कॉटला पहिली संधी मिळाली, ती मॅच ०-० सुटली. तरुण गोलीने एकही गोल जाऊ दिला नाही, आणि पुढच्या मॅचपासून पुन्हा कॅम्पबेल. १९१४ ची एफए कपची फायनल लिव्हरपूल बर्नलीकडून ०-१ हरलं, तेव्हाही गोलमध्ये कॅम्पबेलच होता. फुटबॉलमध्ये गोलकीपरची जागा एकच. फॉरवर्डला डावीकडून नाही तर उजवीकडून खेळवता येतं, बॅकला (गोलजवळच्या बचावपटूला) हाफमध्ये, म्हणजे मधल्या फळीत, सरकवता येतं. गोलीला मात्र समोरच्याने जागा सोडेपर्यंत थांबावंच लागतं. आणि त्या काळात बदली खेळाडूही नव्हता; लीगमध्ये ती सोय १९६५ साली आली. म्हणजे मॅचच्या मध्येच उतरून स्वतःला दाखवायचीही वाट बंद.

मग महायुद्ध आलं. १९१५ मध्ये लीग बंद झाली ती १९१९ मध्ये सुरू झाली. चार सीझन गेले. स्कॉटच्या वयाची बावीस ते सव्वीस ही वर्षं त्यात गेली. त्या काळात प्रादेशिक मॅच चालायच्या, पण त्या अधिकृत हिशोबात धरत नाहीत.

१९२० मध्ये कॅम्पबेल क्लब सोडून गेला. स्कॉट तेव्हा सव्वीस वर्षांचा होता आणि क्लबमध्ये येऊन त्याला आठवं वर्ष चालू होतं. आता कुठे गोल त्याचा झाला. पुढची गणितं सोपी आहेत. महायुद्धाआधीचे तीन सीझन ३८ मॅचचे आणि नंतरचे पंधरा सीझन ४२ मॅचचे धरले तर लिव्हरपूलच्या एकूण ७४४ लीग मॅच होतात. त्यातल्या ४३० स्कॉट खेळला, बाकीच्या ३८ मॅच कपच्या. म्हणजे शंभरातल्या साधारण अठ्ठावन्न. उरलेल्या बेचाळिसांत कॅम्पबेलची वर्षं आली, दुखापती आल्या आणि १९२५ नंतर आर्थर रायली आला. हा दक्षिण आफ्रिकेचा उंच गोलकीपर. पुढची आठ-नऊ वर्षं कधी हा, कधी तो, असं चाललं. पस्तिशी ओलांडल्यावर आपल्यापेक्षा तरुण आणि उंच माणसाकडून जागा परत परत मिळवायची, हे मला त्या ४६८ च्या आकड्यापेक्षा अवघड वाटतं.

देशाच्या ३१ मॅचचंही असंच आहे. तेव्हा आयर्लंडची टीम वर्षाला जेमतेम तीन सामने खेळायची: इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स. संपलं. वर्ल्ड कपची पात्रता फेरी नाही, युरो नाही. मार्च १९२० ते मार्च १९३६ या काळात स्कॉटला जास्तीत जास्त पन्नासच्या आसपास मॅच मिळाल्या असत्या. वर अडचण अशी की देशाची मॅच आणि लीगची मॅच एकाच शनिवारी यायची, आणि क्लबने नाही म्हटलं की खेळाडूला जाता येत नव्हतं. हे बघितलं की ३१ चा अर्थ बदलतो. शेवटची मॅच तो वेल्सविरुद्ध खेळला तेव्हा त्याचं वय बेचाळीस होतं.

पायाखालचे नियम बदलत गेले

स्कॉटचं सगळ्यात मोठं कौतुक मला इथे वाटतं. तो ज्या वर्षी लिव्हरपूलला आला त्याच वर्षी, १९१२ मध्ये, गोलकीपरच्या कामाची व्याख्याच बदलली. तोपर्यंत गोलीला आपल्या अर्ध्या मैदानात कुठेही बॉल हाताने हाताळायची मुभा होती. काही गोली थेट मध्यरेषेपर्यंत बॉल टप्पे पाडत न्यायचे. १९१२ मध्ये ठरलं की हात फक्त पेनल्टी एरियात. एका फटक्यात गोलीचं राज्य सोळा मीटर खोलीच्या चौकटीत आलं. आता चौकटीच्या आत कुठे उभं राहायचं, कधी पुढे यायचं, कधी रेषेवर थांबायचं, याला किंमत आली. आणि स्कॉटची ख्याती नेमकी त्याच गोष्टीची होती. तो उंच नव्हता, पाच फूट नऊ-साडेनऊ इंच. उंचीने जे मिळत नव्हतं ते तो आधी ओळखून मिळवायचा.

दुसरा बदल याहून मोठा. ऑफसाइडचा.

ऑफसाइड म्हटलं की खूप जणांचा गोंधळ होतो, म्हणून सावकाश सांगतो. आज फॉरवर्डकडे पास मारला जातो त्या क्षणी त्याच्या बरोबरीत किंवा त्याच्यात आणि समोरच्या गोलरेषेत विरुद्ध संघाचे किमान दोन खेळाडू असावे लागतात, नाहीतर शिट्टी वाजते. त्यातला एक बहुतेक वेळा गोलकीपर, म्हणजे खरा प्रश्न एका बॅकचा. १९२५ पर्यंत मात्र तिथे तीन खेळाडू लागायचे. म्हणजे गोली आणि दोन बॅक. आता दोन बॅकपैकी एक जण दोन पावलं पुढे सरकला की काय होतं? मागे उरले गोली आणि एक बॅक, मिळून दोन. फॉरवर्ड लगेच ऑफसाइड. दुसरा बॅक निवांत मागे थांबून पहारा देऊ शकतो, कारण डाव चुकला तरी तो आहेच. न्यूकॅसलचा बॅक बिल मॅक्क्रॅकन हा आयरिश खेळाडू या डावात इतका तरबेज होता की मॅच शिट्ट्यांनी भरून जायची. गोल आटले, प्रेक्षक कंटाळले.

जून १९२५ मध्ये तीनचे दोन झाले. आता एक बॅक पुढे सरकला आणि अंदाज चुकला, तर मागे वाचवायला उरला फक्त गोली. परिणाम आकड्यांत बघा. १९२४-२५ च्या सीझनमध्ये इंग्लंडच्या फर्स्ट डिव्हिजनमध्ये (लीगच्या तेव्हाच्या सगळ्यात वरच्या गटात) १,१९२ गोल झाले होते. १९२५-२६ मध्ये, तितक्याच मॅचमध्ये, १,७०३. प्रत्येक मॅचमागे एकाहून जास्त गोल वाढला, एका उन्हाळ्यात. पुढे आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमनने मधल्या हाफला मागे ओढून तिसरा बॅक केला आणि भगदाड थोडं बुजलं. पण बुजेपर्यंत सगळ्या गोलकीपरांनी फार मार खाल्ला.

म्हणून स्कॉटची कारकीर्द वाचताना ती दोन तुकड्यांत वाचावी. पहिला तुकडा १९२५ आधीचा. लिव्हरपूलने १९२२ आणि १९२३ असे सलग दोन वर्षं लीगचं विजेतेपद मिळवलं. दुसऱ्या वर्षी ४२ मॅचमध्ये फक्त ३१ गोल खाल्ले आणि त्या ४२ च्या ४२ मॅच स्कॉट खेळला. पुढे एफ्रेम लाँगवर्थ आणि डॉनल्ड मॅकिन्ले यांच्यासारखे बॅक, मागे स्कॉट. जुन्या नियमातला हा एक अगदी पक्का बंदोबस्त. दुसरा तुकडा १९२५ नंतरचा: संघ मध्यम, नियम फॉरवर्डच्या बाजूचा, गोली तिशी ओलांडलेला. त्या काळात त्याने किती गोल खाल्ले ते पहिल्या तुकड्याशेजारी ठेवून तुलना केली तर तो उताराला लागला असं वाटेल. खरं तर काम बदललं होतं. आधी मागे त्याच्या सोबतीला निदान एक बॅक असायचा, आता कधी कधी तो एकटाच.

छोटे बदल पटकन सांगतो. १९२९ मध्ये ठरलं की पेनल्टी मारली जाईपर्यंत गोलीने रेषेवर पाय न हलवता उभं राहायचं. १९३१ मध्ये बॉल हातात घेऊन दोनऐवजी चार पावलं चालायची परवानगी मिळाली. पहिल्याने गोलीचं नुकसान, दुसऱ्याने थोडी भरपाई.

बॉल, चिखल आणि खांदा

चामड्याचा बॉल ज्यांनी पावसात पकडला असेल त्यांना पुढचं लगेच कळेल. तेव्हाचा बॉल चामड्याच्या पट्ट्या शिवून केलेला, आत रबरी ब्लॅडर, आणि तोंडाशी बुटाला असते तशी नाडी. कोरडा असताना तो आजच्या बॉलपेक्षा काही फार जड नव्हता. पण चामडं पाणी पितं. लिव्हरपूलचा हिवाळा म्हणजे पाऊस आणि चिखल. सेकंड हाफपर्यंत बॉल ओल्या पोत्यासारखा व्हायचा, आणि नाडीची बाजू तळव्यावर आली की कातडी सोलायची. आजच्यासारखे फोमचे ग्लोव्ह्ज नव्हते. फार पाऊस असला तर काही गोली लोकरीचे हातमोजे घालायचे, एरवी उघडे हात.

त्यातून मुख्य धोका बॉलचा नव्हताच. बॉल हातात असलेल्या गोलकीपरला खांद्याने धक्का मारणं कायदेशीर होतं. बॉलसकट त्याला गोलरेषेच्या आत ढकललं तर तो गोल. आज कोपऱ्यावरून आलेला बॉल गोलीने पकडला की सगळे थांबतात. तेव्हा पकडला की मॅच सुरू व्हायची. मनातल्या मनात बघा: उडी मारून बॉल घेतलाय, पाय अजून जमिनीला लागायचेत, आणि ऐंशी किलोचा सेंटर फॉरवर्ड खांदा काढून धावत येतोय. त्या एका सेकंदात ठरवायचं की धरून ठेवू, ठोसा मारू की फेकून मोकळा होऊ.

यात माणसं मेली. ५ सप्टेंबर १९३१ रोजी ग्लासगोमध्ये सेल्टिकचा जॉन थॉमसन फॉरवर्डच्या पायात झेपावला, गुडघा डोक्याला लागला आणि त्याच रात्री तो गेला. वय बावीस. फेब्रुवारी १९३६ मध्ये सुंदरलंडचा जिमी थॉर्प, तोही बावीसचा, चेल्सीविरुद्ध बॉल कवटाळून पडलेला असताना लाथा खाऊन चार दिवसांनी वारला. त्याला मधुमेहही होता. त्यानंतर कुठे गोलीच्या हातात बॉल असताना त्याच्यावर पाय उगारायला बंदी आली. स्कॉट जवळपास चोवीस वर्षं या धोक्यात उभा राहिला.

त्याची तयारी कशी असायची याबद्दल लिव्हरपूलमध्ये बरंच सांगितलं जातं. थंडीत तो अंगावर दोन-तीन जर्सी, पायात दुहेरी मोजे आणि गुडघ्यांना पट्ट्या बांधायचा. मॅचच्या कितीतरी आधी कपडे करून तयार व्हायचा आणि स्टँडखालच्या भिंतीवर बॉल मारत बसायचा. भिंतीवर मारायचा, झेलायचा. पुन्हा मारायचा, पुन्हा झेलायचा. गोलकीपिंगचा कोच ही जात तेव्हा जन्मायची होती. सराव म्हणजे मैदानाला फेऱ्या. या माणसाने आपला कोच भिंतीत शोधला, आणि ती भिंत मला त्याच्या दोन्ही विजेतेपदांइतकीच महत्त्वाची वाटते.

तो का गेला नाही?

एवढा चांगला गोलकीपर, मग दुसऱ्या मोठ्या क्लबने पळवला कसा नाही? १९१३ च्या त्या पहिल्या मॅचनंतर न्यूकॅसलनेच त्याच्यासाठी १,००० पौंड देऊ केले होते असं सांगतात. लिव्हरपूलने नाही म्हटलं. आणि क्लबचं नाही म्हणजे विषय संपला.

कारण करार. खेळाडूचा करार एका वर्षाचा असायचा. सीझन संपला की क्लब यादी लावायचा: यांना ठेवतोय, यांना सोडतोय. ठेवलेल्यांच्या यादीत नाव असलं की तो खेळाडू लीगमधल्या दुसऱ्या कोणत्याही क्लबकडे जाऊ शकत नव्हता. करार संपलेला असो, नवा करार मान्य नसो, पगार थांबलेला असो, तरीही नाही. क्लब मात्र त्याला विकू शकायचा. ही पद्धत १९६३ मध्ये कोर्टात मोडली गेली.

आणि गेला असता तरी मिळालं काय असतं? पगाराला कमाल मर्यादा होती. १९२२ पासून सीझनमध्ये आठवड्याला ८ पौंड, उन्हाळ्यात ६. लीग जिंका किंवा तळाला राहा, लीगच्या नियमाने पगार याहून जास्त नाही. साध्या कामगाराच्या मानाने ही रक्कम चांगली होती, दुपटीहून अधिक. पण १९२८ मध्ये आर्सेनलने डेव्हिड जॅकसाठी दुसऱ्या क्लबला १०,००० पौंडांहून जास्त मोजले, तेव्हाही खुद्द जॅकच्या पगारावर तीच मर्यादा होती. उलट एकाच क्लबमध्ये पाच वर्षं काढली तर बेनिफिट म्हणून ६५० पौंडांपर्यंत रक्कम मिळू शकायची. म्हणजे राहण्यात थोडा फायदा, जाण्यात काहीच नाही. जुन्या खेळाडूंच्या निष्ठेच्या गोष्टी आपण फार प्रेमाने सांगतो. त्यातल्या कित्येकांच्या मागे ही यादी होती, हे सांगितलं नाही तर त्यांच्यावर अन्याय होतो.

तरी स्कॉटच्या बाबतीत यादीपलीकडेही काहीतरी होतं, आणि ते गोलच्या पाठीमागे उभं असायचं.

ॲनफिल्ड या लिव्हरपूलच्या मैदानात एका टोकाला प्रेक्षकांचा जो उतार आहे, त्याला १९०६ पासून स्पायन कॉप म्हणतात. बोअर युद्धात जानेवारी १९०० मध्ये त्या नावाच्या टेकडीवर लिव्हरपूल भागातले कितीतरी सैनिक पडले, त्यांच्या आठवणीत हे नाव. (त्याच टेकडीवरून जखमी वाहून आणणाऱ्या भारतीय पथकात मोहनदास गांधी होते.) १९२८ मध्ये या उतारावर छप्पर आलं आणि जवळपास तीस हजार माणसांचा आवाज त्याखाली घुमायला लागला. स्कॉट त्यांच्या अगदी पुढ्यात उभा असायचा. आपल्या बॅकना तो अशा शेलक्या शिव्या द्यायचा की मागच्या लोकांना त्या पाठ व्हायच्या.

त्यांचा आवडता सामना अर्थातच एव्हर्टनशी, म्हणजे डिक्सी डीनशी. डीनने १९२७-२८ मध्ये लीगच्या ३९ मॅचमध्ये ६० गोल केले. हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. त्याची हत्यारं दोन, उजवा पाय आणि डोकं. शहरात एक दंतकथा आहे: रस्त्यात समोरासमोर आल्यावर डीनने ओळख म्हणून मान हलवली, तर स्कॉटने हेडर (डोक्याने मारलेला बॉल) आला समजून बाजूला झेप घेतली आणि दुकानाच्या काचेतून आत गेला. दुसरी दंतकथा अशी की मॅचच्या आदल्या दिवशी डीन त्याला ॲस्पिरिनच्या गोळ्या पाठवायचा, रात्री झोप लागावी म्हणून. घडलं असेल, नसेल. पण गल्लीबोळांत अशा गोष्टी दोन बरोबरीच्या माणसांबद्दलच तयार होतात.

१९३४ मध्ये स्कॉट चाळिशीत होता. एव्हर्टनने त्याच्यासाठी २५० पौंड देऊ केले. बातमी फुटली आणि लिव्हरपूलच्या वर्तमानपत्रांकडे संतापलेल्या पत्रांचा ढीग लागला. कोवळा म्हणून ज्यांनी एकदा परत पाठवला त्याच क्लबला बावीस वर्षांनी तो म्हातारा झाल्यावर हवा होता, आणि आता शहर सोडायला तयार नव्हतं. व्यवहार फिसकटला. सीझनच्या शेवटच्या घरच्या मॅचला तो स्टँडमध्ये उभा राहून बोलला. इंग्लंडमधलं फुटबॉल आपल्यापुरतं संपलं, म्हणाला. मग कॉपकडे वळून, तुम्हीच मला बळ दिलंत, तुमचे आभार मानायला शब्द पुरणार नाहीत, अशा अर्थाचं काही. लोक रडले.

तो बेलफास्टला परतला, बेलफास्ट सेल्टिकचा खेळाडू आणि मॅनेजर म्हणून. हा क्लब कॅथलिक वस्तीचा, स्कॉट प्रोटेस्टंट घरातला. त्या शहरात ही साधी गोष्ट नव्हती. १९३६ ते १९४० अशी सलग पाच वर्षं त्याने लीग जिंकून दाखवली. मग डिसेंबर १९४८ मध्ये लिनफिल्डविरुद्धच्या मॅचनंतर प्रेक्षक मैदानात घुसले आणि त्यांनी सेल्टिकचा तरुण फॉरवर्ड जिमी जोन्सचा पाय मोडला. काही महिन्यांत क्लबने लीगमधून अंग काढून घेतलं, कायमचं. स्कॉट १९५९ मध्ये बेलफास्टमध्ये वारला, आणि ज्या क्लबचा तो मॅनेजर होता तो क्लब त्यानंतर लीगमध्ये परत आलाच नाही.